हरवलेल्या पाकिटांचा माग

पूर्वी रजिस्टर टपालाने पाठविलेले पत्र पोचले की सहीची पोचपावती परत येई. ती आली नाही तर पत्र वाटेत कोठे अडकले याची चौकशी करता येई, कारण वाटेतल्या टपाल कचेऱ्यांत त्याची नोंद झालेली असे. संगणकांच्या जाळ्यातून जाणारा मजकूरही लहान लहान पाकिटांत भरूनच पाठविला जातो. मात्र साध्या पत्राप्रमाणे या पाकिटांची वाटेत नोंद होत नाही. एखादे पाकीट पोचले नाही तर ते कोठे गेले हे सांगणारा कोणी भेटत नाही. पडद्यावर चित्र अडखळते, फिरते चक्र दिसते, आणि आपण 'नेट स्लो आहे' असे म्हणून दुसऱ्या कामाला लागतो.

वास्तविक 'पाकीट हरवले' हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. तारेतून जाणारे पाकीट वाटेत खाली पडत नाही की कोणी चोरत नाही. जवळजवळ प्रत्येक वेळी कोणत्या ना कोणत्या यंत्राने ते जाणूनबुजून, ठरलेल्या नियमानुसार टाकून दिलेले असते. टाकून देण्याची कारणे मुख्यतः तीन. पाकिटातला मजकूर बिघडला, दोन पाकिटांची टक्कर झाली, किंवा पुढे पाठविण्यासाठीच्या रांगेत जागा उरली नाही. या तीन कारणांमागे तीन वेगवेगळ्या काळांतले, वेगवेगळ्या माणसांनी केलेले विचार आहेत. तो इतिहास ठाऊक असेल तर शाळेच्या संगणक-खोलीतला बिघाडही शोधता येतो, आणि ठाऊक नसेल तर चांगली यंत्रे भंगारात जाऊ शकतात. सटाण्यातील अशी एक हकिकत पुढे येणारच आहे. आधी तिन्ही कारणे क्रमाने पाहू.

ताळा

भारतात विजेच्या तारेने संदेश पाठविण्याचे पहिले मोठे प्रयोग विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टर-रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली कलकत्त्याजवळ केले. पुढे त्याच्याच देखरेखीखाली कलकत्ता, आग्रा आणि मुंबई ही शहरे १८५४-५५ च्या सुमारास तारेने जोडली गेली. शेकडो मैलांची उघडी तार, पावसाळ्यात ओले होणारे खांब आणि मध्ये ठिकठिकाणी संदेश ऐकून पुन्हा पुढे पाठविणारे तारबाबू. अशा व्यवस्थेत अक्षरे चुकणे अटळ होते. म्हणून महत्त्वाची तार पोचल्यावर ती शब्दशः उलट पाठवून पडताळून घेण्याची सोय जगभरच्या तारखात्यांत असे, आणि तिचे वेगळे पैसे पडत. ही सोय खात्रीची, पण महाग होती, कारण एक तार बिनचूक जाण्यासाठी दोन तारांचे काम होई.

याच कामासाठी स्वस्त उपाय आपल्या जुन्या गणितात होता. गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी नवाचा ताळा घेण्याची रीत अनेक शिक्षकांनी लहानपणी वापरली असेल. ४३२७ या संख्येतील अंकांची बेरीज १६, पुन्हा बेरीज ७. हा ताळा संख्येसोबत लिहून पाठविला, आणि घेणाऱ्याने संख्येवरून पुन्हा ताळा काढला, तर एखादा अंक बदललेला बहुधा लगेच कळतो. परंतु दोन अंकांची अदलाबदल होऊन ४३७२ झाले तर नवाचा ताळा पुन्हा ७ च येतो आणि चूक निसटते. हीच संख्या ११ ने भागून पाहा. ४३२७ ची बाकी ४ उरते, ४३७२ ची ५. म्हणजे भाजक नीट निवडला तर जास्त प्रकारच्या चुका पकडता येतात. नऊखेरीज इतर संख्यांनीही ताळा घेता येतो हे नारायण पंडिताच्या 'गणितकौमुदी' या १३५६ सालच्या ग्रंथात आलेले आहे.

संगणकांच्या जाळ्यात आज वापरला जाणारा ताळा याच जातीचा आहे. १९६१ साली वेस्ली पीटरसन आणि त्याचा सहकारी ब्राऊन यांनी त्याची पद्धत मांडली. पाकिटातील सर्व शून्ये आणि एक मिळून एक लांबलचक द्विमान संख्या समजायची, तिला एका ठरलेल्या भाजकाने हातचा न घेता भागायचे आणि उरलेली बाकी पाकिटाच्या शेवटी जोडायची. ईथरनेटच्या पाकिटात ही बाकी ३२ बिटांची असते. घेणारे यंत्र तोच भागाकार पुन्हा करते. बाकी जुळली नाही तर ते पाकीट टाकून देते आणि पाठविणाऱ्याला काहीही कळवीत नाही. कळविणार तरी कोणाला? पाकीटच बिघडलेले असल्यामुळे त्यावरचा पाठविणाऱ्याचा पत्ताही विश्वासार्ह राहिलेला नसतो. यंत्र आपल्यापुरती एकच गोष्ट करते. 'ताळा न जुळलेली पाकिटे' या नावाच्या खात्यात एक आकडा वाढविते. हा आकडा लक्षात ठेवावा, तो पुढे उपयोगी पडणार आहे.

टक्कर

मजकुराचे तुकडे करून ते स्वतंत्रपणे पाठविण्याची कल्पना १९६० नंतरच्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली. 'पॅकेट' हा शब्द डेव्हिसचा. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेट या जाळ्यावर लॉस एंजेलिसहून पहिला संदेश निघाला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता, पण पहिली दोन अक्षरे पोचल्यावर पलीकडचा संगणक बंद पडला. अर्पानेटमध्ये प्रत्येक टप्प्यावर पाकिटाची पोच घेतली जाई. १९७० नंतर फ्रान्समध्ये लुई पुझँ याने वेगळा विचार मांडला. त्याच्या 'सिक्लाद' या जाळ्याने पाकिटे पोचविण्याची हमी द्यायचीच नाही, हरवलेले पाकीट ओळखून पुन्हा मागविणे हे दोन टोकांच्या संगणकांचे काम, असे त्याने ठरविले. मधली यंत्रे त्यामुळे साधी आणि स्वस्त झाली. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडलेल्या आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटवर लागू झालेल्या नियमांत हाच विचार आहे, आणि आजचे इंटरनेट त्याच नियमांवर चालते. थोडक्यात, पाकिटे हरवणे हा या व्यवस्थेचा गृहीत धरलेला भाग आहे.

याच सुमारास हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन याच्यापुढे निराळीच अडचण होती. बेटाबेटांवरचे संगणक जोडायला तारा नव्हत्या, होते ते रेडिओचे एकच सामायिक वाहिनीपट्ट. १९७१ साली सुरू झालेल्या त्याच्या 'अलोहा' जाळ्यात नियम सोपा होता. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोघे एकदम बोलले तर दोघांचीही पाकिटे बिघडतील, ताळा जुळणार नाही आणि पोच येणार नाही. मग प्रत्येकाने वाटेल तितका वेळ थांबून पुन्हा बोलावे. या बेशिस्तीची किंमत गणिताने काढता येते. अशा वाहिनीची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमताच कामी येते, बाकीची टकरींत आणि रिकाम्या वेळात जाते.

कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रॉबर्ट मेटकाफने अलोहाचे गणित वाचले आणि त्यात सभ्य माणसांचे दोन नियम घातले. बोलण्याआधी ऐका, कोणी बोलत असेल तर थांबा. आणि बोलत असतानाही ऐकत राहा, टक्कर झालेली कळली तर ताबडतोब गप्प बसा. मे १९७३ मध्ये लिहिलेल्या टिपणात त्याने या व्यवस्थेला 'ईथरनेट' हे नाव दिले. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना ते नाव ओळखीचे वाटेल. प्रकाशलहरी ज्यातून जातात असे एकेकाळी मानले जाई आणि मायकेलसन-मोर्ले प्रयोगात ज्याचा मागमूस लागला नाही, तोच हा ईथर. येथे ईथर म्हणजे खोल्याखोल्यांतून फिरणारी एक जाड तार होती. सर्व संगणक तिलाच जोडलेले असत आणि एका वेळी एकालाच बोलता येई. या आळीपाळीच्या बोलण्याला तंत्रज्ञ 'हाफ डुप्लेक्स' म्हणतात.

यातला एक बारकावा आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे. तारेच्या एका टोकाला झालेली टक्कर दुसऱ्या टोकाला कळायला वेळ लागतो. पाकीट फार लहान असेल तर टक्कर कळण्याआधीच ते संपून जाईल. म्हणून ईथरनेटचे पाकीट किमान ६४ बाइटांचे, म्हणजे ५१२ बिटांचे असावे असा नियम झाला. जाळे नियमानुसार बांधलेले असेल तर टक्कर व्हायचीच ती पहिल्या ६४ बाइटांत होईल, आणि तेव्हा यंत्र थोडे थांबून तेच पाकीट पुन्हा पाठवील. ६४ बाइटांनंतर टक्कर झाली तर? नियम पाळले गेले असतील तर असे होऊच शकत नाही, असे मानून बहुतेक यंत्रे ते पाकीट सोडून देतात आणि 'उशिराची टक्कर' या खात्यात एक आकडा वाढवितात.

रांग

तिसरे कारण सर्वांत उशिरा लक्षात आले. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तिच्या शेजारचे विद्यापीठ यांच्यातील वहन एकाएकी कोसळले. अंतर अवघे ४०० यार्ड. सेकंदाला ३२,००० बिट जात होते तेथे ४० बिट जाऊ लागले. तारा तुटल्या नव्हत्या, यंत्रे चालू होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी शोध घेतला तेव्हा कळले की दोष संगणकांच्या उतावळेपणाचा होता. मधल्या यंत्रांच्या रांगा भरत, जादा पाकिटे टाकली जात, पोच न आल्यामुळे संगणक तीच पाकिटे पुन्हा पाठवीत, त्यामुळे रांगा आणखी भरत. १९८८ साली जेकबसनने उपाय प्रसिद्ध केला. पाकीट हरवले याचा अर्थ रस्त्यावर गर्दी आहे असा घ्यायचा आणि आपला वेग निम्मा करायचा, मग हळूहळू वाढवीत न्यायचा.

हा उपाय इतका यशस्वी झाला की आजही इंटरनेट त्या आधारावर उभे आहे. पण त्यात एक गृहीत आहे. पाकीट गर्दीमुळेच हरवले, असे संगणक धरून चालतो. तार सदोष असल्यामुळे किंवा टकरीमुळे हरवले तरी त्याला फरक कळत नाही. तो रिकाम्या रस्त्यावरही वेग कमी करत बसतो. म्हणून शंभरात चार-पाच पाकिटे हरवली तर काम शंभरात चार-पाच भागांनी नव्हे, कित्येक पटींनी मंदावते.

आपल्याकडे याच वर्षांत संगणक-जाळ्याचा पाया घातला जात होता. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात आय.आय.टी. संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्याबरोबर मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. श्रीनिवासन रमणी त्याचे प्रमुख होते. हे केंद्र आणि पवईची आय.आय.टी. यांच्यात साध्या टेलिफोनवरून ई-मेलची देवघेव सुरू झाली, आणि १९८९ साली जुहूहून अमेरिकेपर्यंत सेकंदाला ९,६०० बिट नेणारी भाड्याची वाहिनी चालू झाली. दीड हजार बाइटांचे एक पाकीट या वाहिनीतून जायला सव्वा सेकंद लागे. ते हरवले तर पुन्हा सव्वा सेकंद. आज शाळेतल्या साध्या तारेवर तेच पाकीट सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाहूनही कमी वेळात जाते. त्यामुळे दर सेकंदाला कितीतरी पाकिटे हरवत असली तरी वरवर पाहणाऱ्याला काहीतरी चालू आहे असेच दिसते. सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत.

स्विच आणि एक तडजोड

सामायिक तारेवरची गर्दी वाढत गेली तशी तार तोडून प्रत्येक संगणकाला स्वतंत्र रस्ता देण्याची निकड भासू लागली. १९९० साली कॅलिफोर्नियातील एका छोट्या कंपनीने पहिला ईथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीचे नाव होते 'कल्पना'. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांच्या पत्नीच्या नावावरून ते ठेवलेले होते. १९९४ साली सिस्को कंपनीने ती विकत घेतली. स्विच प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वाचतो आणि ज्याचे त्यालाच देतो. स्विच आणि संगणक यांच्यामधल्या तारेत जायचा रस्ता वेगळा आणि यायचा वेगळा असतो. दोघेही एकाच वेळी बोलू शकतात, टक्कर होण्याचा प्रश्नच राहत नाही. हे 'फुल डुप्लेक्स'.

मात्र जुनी यंत्रे एका रात्रीत नाहीशी होत नाहीत. १९९५ साली सेकंदाला १० कोटी बिटांचे ईथरनेट प्रमाणित झाले तेव्हा पलीकडे नवे यंत्र आहे की जुने, हे कसे ओळखायचे असा प्रश्न आला. त्यासाठी यंत्रांनी तार जोडताच एकमेकांशी बोलणी करावीत असे ठरले. प्रत्येकाने सूक्ष्म स्पंदांच्या भाषेत 'मला इतका वेग जमतो, दुहेरी बोलणे जमते' असे सांगायचे आणि दोघांना जमेल ते घ्यायचे. आणि पलीकडचा काहीच बोलला नाही तर? त्याचा वेग तारेवरच्या संकेताच्या रूपावरून ओळखता येतो, पण तो दुहेरी बोलतो की आळीपाळीने, हे ओळखता येत नाही. अशा वेळी तो जुन्या वळणाचा आहे असे समजून आळीपाळीने बोलावे, असा नियम केला गेला. त्या काळात बहुतेक यंत्रे तशीच होती. तेव्हा हा निर्णय शहाणपणाचाच म्हटला पाहिजे.

गंमत पुढेच आहे. सुरुवातीच्या काळात ही आपोआप बोलणी नीट होत नसत. एका कंपनीच्या यंत्राचे दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी जुळत नसे. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ बोलणी बंद करून दोन्ही टोकांना हाताने 'शंभर, फुल डुप्लेक्स' असे पक्के करू लागले. हाही सल्ला त्या वेळी योग्य होता, पण अट एकच, दोन्ही टोकांना तेच केले पाहिजे. पुढच्या काही वर्षांत बोलणी सुधारली, १९९९ सालच्या तांब्याच्या तारेवरील गिगाबिट प्रमाणात तर ती सक्तीची झाली. सल्ला मात्र तोंडोतोंडी चालत राहिला.

सटाण्यातील चार संगणक

सटाणा हे बागलाण तालुक्याचे ठिकाण. आरम नदीकाठचे, कांदा आणि डाळिंब यांच्या उलाढालीचे गाव. २०१८ साली शिक्षकांच्या एका कार्यशाळेच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो असता तेथील एका शाळेतील शिक्षकांनी त्यांच्या संगणक-खोलीची अडचण सांगितली. इंटरनेट भरवशाचे नसल्यामुळे धडे आणि चित्रफिती त्यांनी एका लहान संगणकावर साठवून ठेवल्या होत्या. पत्त्याच्या कॅटएवढा हा रास्पबेरी पाय संगणक २०१२ साली इंग्लंडमध्ये मुलांना शिकविण्यासाठीच तयार झाला. त्याला स्विचमार्फत खोलीतील इतर संगणक जोडलेले होते. धड्यांची पाने चटकन उघडत, पण चित्रफीत दोन सेकंद चाले आणि अडखळे. शाळेकडे असे चार लहान संगणक होते. चारही आळीपाळीने लावून पाहिले, चारही तसेच वागले. 'खेळण्यातला संगणक, त्याला हे झेपत नाही' असा निष्कर्ष निघाला होता. चौघांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होता आणि लोकवर्गणीतून मोठा संगणक घेण्याचे ठरत होते. अशा शाळेत लोकवर्गणी दुसऱ्यांदा मिळत नाही.

आम्ही शिक्षकांबरोबर बसून एकेक गोष्ट वेगळी करत गेलो. प्रथम 'पिंग' केले. १९८३ साली माइक म्यूस या अमेरिकी तंत्रज्ञाने लिहिलेला हा छोटा कार्यक्रम पाणबुडीच्या सोनारप्रमाणे एक लहान पाकीट पाठवितो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. शंभर पाकिटे पाठविली, शंभर परत आली. मग त्याच लहान संगणकाला थेट पडदा जोडून तीच चित्रफीत लावली. ती विनातक्रार चालली. म्हणजे संगणकाला झेपत नाही हे खरे नव्हते. दोष संगणक आणि स्विच यांच्या दरम्यान कोठेतरी होता.

संगणकाच्या पडद्यावर अधूनमधून विजेचे छोटे चिन्ह उमटत होते. कमी व्होल्टेजची ती खूण. त्याला वीज देणारी वायर मोबाइलची, फार बारीक होती. ओहमचा नियम लावून पाहा. जाण्यायेण्याचा मिळून वायरचा रोध ०.४ ओहम असेल आणि १ अँपिअर प्रवाह जात असेल तर ०.४ व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात आणि ५ चे ४.६ व्होल्ट उरतात. जाड आणि आखूड वायर लावताच चिन्ह गेले. चित्रफीत मात्र पूर्वीसारखीच अडखळत राहिली. एक खरा दोष सापडला होता, पण तो आपला दोष नव्हता. स्विचकडे जाणारी तार बदलली, तरीही फरक नाही.

मग संगणकाची खाती उघडली. चित्रफीत चालू असताना 'उशिराची टक्कर' हा आकडा भराभर वाढत होता. हीच खरी खूण. ५१२ बिट पाठवायला या वेगाने ५.१२ मायक्रोसेकंद लागतात, आणि तारेतून संकेत एका मायक्रोसेकंदात सुमारे २०० मीटर जातो. तार होती पाच मीटरची. एवढ्याशा तारेवर टक्कर उशिरा कळणे शक्यच नाही. ६४ बाइटांनंतरही टक्कर होत असेल तर त्याचा अर्थ एकच, पलीकडचा न ऐकता मध्येच बोलतो आहे. स्विचच्या खात्यात पाहिले तर तेथे ताळा न जुळलेल्या पाकिटांचा आकडा वाढत होता. दोन्ही साक्षी एकमेकींशी जुळल्या.

स्विच एका बंद झालेल्या कार्यालयातून शाळेला मिळालेला होता. त्याच्या पहिल्या छिद्रावर 'सर्व्हर' अशी पट्टी चिकटवलेली होती, आणि कोणीतरी पूर्वी त्या छिद्राची बोलणी बंद करून 'शंभर, फुल डुप्लेक्स' असे पक्के करून ठेवले होते. लहान संगणकाने बोलणी करून पाहिली, उत्तर आले नाही, म्हणून नियमाप्रमाणे तो आळीपाळीने बोलू लागला. स्विच दुहेरी बोलत होता. पिंगमध्ये एक बोलतो, मग दुसरा उत्तर देतो, म्हणून टक्कर होत नाही. चित्रफितीत मात्र संगणक पाकिटांमागून पाकिटे पाठवितो आणि त्याच वेळी पलीकडून पोच येत असते. संगणकाला ती टक्कर वाटते, तो अर्ध्यात गप्प बसतो. स्विचला अर्धे पाकीट मिळते, ताळा जुळत नाही, ते टाकले जाते. आणि जेकबसनच्या नियमानुसार संगणक गर्दी समजून आपला वेग कमी करतो.

पट्टी लावलेली असल्यामुळे चारही संगणक शिक्षकांनी त्याच छिद्रात लावून पाहिले होते. संगणक बदलले, तार बदलली, छिद्र बदलले नाही. चार प्रयोगांतून चार संगणक सदोष ठरत होते, पण चारही प्रयोगांत समान असलेली गोष्ट तपासायची राहिली होती. स्विचमधली ती नोंद बदलून बोलणी पुन्हा चालू केली, आणि एकाच वेळी खोलीतील सर्व पडद्यांवर चित्रफीत सुरळीत चालली. निर्लेखनाचा प्रस्ताव मागे घेतला गेला.

या हकिकतीत चूक कोणाची, असे विचारले तर नेमके उत्तर देता येत नाही. १९७३ सालचे ऐकून बोलणे, १९८८ सालचे वेग कमी करणे, १९९५ सालचे सावध गृहीत आणि त्यानंतरचा तंत्रज्ञांचा हाताने पक्के करण्याचा सल्ला हे चारही निर्णय आपापल्या काळी योग्य होते. ते एका पाच मीटरच्या तारेवर एकत्र आले आणि त्यांच्यामागची कारणे कोणाला आठवत नव्हती, एवढेच घडले.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेत असा प्रसंग आला तर पुढील क्रम ठेवावा. यंत्र एकटे नीट चालते का ते पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले, काय बदलले नाही याची दोन रकान्यांत नोंद करावी. लहान पाकिटांनी आणि भरघोस वाहतुकीने, अशी दोन्ही प्रकारे परीक्षा घ्यावी. तारेच्या दोन्ही टोकांची खाती वाचावीत. ताळा न जुळणे, उशिराची टक्कर आणि रांगेत जागा नसणे या तिन्हींचे आकडे वेगवेगळे ठेवलेले असतात, आणि कोणता वाढतो यावरून कोठे पाहायचे ते कळते.

संगणक नसला तरी टकरीचा खेळ खेळता येतो. सहा मुलांना प्रत्येकी एक फासा द्यावा. शिक्षकांनी टाळी वाजविताच सर्वांनी फासा टाकावा. ज्याला सहा पडेल त्याने हात वर करावा. नेमका एकच हात वर आला तर पाकीट पोचले, दोन किंवा अधिक आले तर टक्कर, एकही नाही तर वेळ वाया. शंभर फेऱ्यांत सुमारे ४० पाकिटे पोचतील. आता बारा मुले घेऊन तोच खेळ खेळावा. पाकिटे सुमारे २७ वर येतील. अकरावीच्या विद्यार्थ्यांना ही दोन्ही उत्तरे संभाव्यतेच्या सूत्राने काढता येतील. मग त्यांना विचारावे, की बारा मुले असताना पुन्हा ४० च्या जवळ जायचे असेल तर प्रत्येकाने किती वेळा गप्प बसायला शिकले पाहिजे? अब्रॅमसनच्या जाळ्यापुढचा प्रश्न याच जातीचा होता.